भाकरीच्या नक्षीचे ट्रे

लोटन,

तू गेलास त्याला आज एकोणीस दिवस झाले. दहावं झालं, तेरावं झालं. अमळनेरहून आलेली तुझी चुलत भावंडं परत गेली. गल्लीतल्या बायका चार दिवस डबा देत होत्या, त्याही आता आपापल्या कामाला लागल्या. गोडादऱ्याच्या या खोलीत मी एकटा उरलोय. काल दुपारी दूधवाला आला तेव्हा त्याच्याशी बोलायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना. मग लक्षात आलं, सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

तू कुठे जन्मलास, किती शिकलास ही माहिती तुझ्या भावंडांनी तेराव्याला आलेल्या लोकांना सांगून झाली. मला ते लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि ते अर्धं टाकून निघून जाण्याचा तुझा हा प्रकार मला अजिबात आवडलेला नाही. तू माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दाजींचा मान राखायचा एवढं तरी तुला कळायला हवं होतं. पण ते तुला कधीच कळलं नाही. इंदू असेपर्यंत ती मध्ये पडायची. ती सहा वर्षांपूर्वी गेली आणि मग आपण दोघं असे समोरासमोर आलो, मध्ये कुणी नाही.

तेव्हा लोक मला विचारायचे, बायको गेली, आता मेहुण्याला घरात कशाला ठेवलंय? तुलाही कुणीतरी विचारलंच असेल की बहीण गेली, आता दाजीच्या घरी काय काम? दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला वेळ कुठे होता? लूम बंद पडलं होतं, माझं वय झालं होतं, कान गेले होते. तीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर माणसाच्या कानात काय उरणार? तू मात्र, इंदू असल्यापासूनच, फर्निचरच्या कारखान्यात दारांवर वेलबुट्टी कोरायचास आणि उरलेले शिसमाचे, आंब्याचे तुकडे घरी आणून त्यांचे ट्रे करायचास. इंदू हौसेनं शेजारपाजारी वाटायची. मग एकाला आवडला, दुसऱ्यानं मागितला, एक गिफ्टचं दुकान मिळालं. तू कोरायचास, मी घासायचो आणि तेल पाजायचो. आपला धंदा असा झाला. ठरवून काहीच नाही.

पहिल्याच खेपेला आपण काय घाण केली होती, आठवतं? दुकानदार म्हणाला होता, ट्रेमध्ये लोक खायच्या वस्तू ठेवणार, तेव्हा पॉलिश असं हवं की पोटात गेलं तरी चालेल. तू म्हणालास, त्यात काय, खायचंच तेल लावू. मीही मान डोलावली. घरात सिंगतेलाचा डबा होता. शेंगदाण्याच्या तेलाहून खायला सुरक्षित काय असणार? दोघांनी रविवारभर बसून आठ ट्रेंना मनसोक्त सिंगतेल चोळलं. काय सुरेख दिसत होते! महिन्याभरात दुकानदारानं आठही परत पाठवले. चिकट झाले होते, खवट वास मारत होते आणि दोघांना तर मुंग्या लागल्या होत्या. इंदू त्या दिवशी हसून हसून रडली. तुला म्हणाली, "भाऊ, फोडणी देवानी राहिनी." तू एवढासा झालास. पण दुकानदारासमोर तू सांगितलंस की तेल तू निवडलं होतंस, दाजींना काही माहीत नव्हतं. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

मग मला जवस आठवलं. आमच्या आईच्या फडताळात जवसाच्या तेलाची बरणी असायची. तिच्या तोंडाशी ओघळलेलं तेल सुकून रबरासारखं घट्ट व्हायचं, नखानं खरवडावं लागायचं. शेंगदाण्याचं तेल कधी सुकत नाही, जवसाचं सुकतं. बस्स, एवढी माझी अक्कल. पण या एका अकलेवर मी पुढं दहा वर्षं तुझ्यावर रुबाब केला. हार्डवेअरच्या दुकानात जवसाचं तयार तेल मिळायचं, चटकन सुकणारं. दुकानदारानंच सांगितलं की त्यात सुकवायची औषधं घातलेली असतात, ते लाकडासाठी, पोटासाठी नाही. म्हणून मी कडोदऱ्याच्या तेलघाण्यावरून साधं, खायचं जवसाचं तेल आणू लागलो. एक हात लावायचा, कापडानं पुसून काढायचा, उन्हात ठेवायचा, आठवड्यानं दुसरा हात, मग तिसरा, आणि शेवटी त्याच तेलात वितळवलेलं मधाच्या पोळ्याचं मेण. एका ट्रेला तीन आठवडे.

तुझा जीव जायचा. कोरून व्हायचं दोन दिवसांत आणि माझ्या तेलापायी माल गॅलरीत वाळत पडायचा. दुकानदाराचे फोन यायचे. एकदा तू वैतागून म्हणालास, "दाजी, तुमनं हाई तेल नही, जावई शे. वीस दिन बसी राहस नि कोणी हात लावानं काम नही." मी त्या घरचा जावई, तेव्हा टोला मलाच होता. मी म्हणालो, जावयाला बसवूनच ठेवायचं असतं. तू कपाळावर हात मारलास. पण हसलासही.

लोटन, तुझ्या हाताबद्दल मी तुझ्यासमोर कधी चांगलं बोललो नाही. आता बोलतो. बाजारात ट्रे ढिगानं मिळतात, यंत्रावर कोरलेले, सगळे एकसारखे. तुझ्या ट्रेवर हात फिरवला की थांबावंसं वाटायचं. गोल पटाशी घेऊन तू लाकडाच्या रेषेला आडवा जायचास आणि एकाशेजारी एक उथळ खळगे काढायचास. बोटाच्या टोकाएवढे. काही जरा लांबट, काही पसरट. दुकानदार त्याला काहीतरी इंग्रजी नाव द्यायचा. आपण दोघं त्याला भाकरी म्हणायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना इंदूची बोटं पिठात जशी उमटायची, अगदी तशी ती नक्षी होती. ती चुलीपाशी बसलेली असताना, लहानपणी, तू तासन् तास ते बघत बसायचास असं तूच एकदा मला सांगितलं होतंस. एवढंच. त्यापुढं आपण दोघं त्या विषयावर बोललो नाही. इंदू गेल्यानंतर दुकानदारानं दुसऱ्या नक्ष्या मागितल्या, माशाचे खवले, सरळ रेघा, तू करून दिल्यास. पण हातात चांगलं लाकूड आलं की तू भाकरीच काढायचास.

नक्षी झाली की तू मूठभर मूग ट्रेवर टाकायचास आणि ट्रे हळूच कलता करायचास. एकही दाणा अडकता कामा नये. अडकला तर तो खळगा जास्त खोल गेलाय, तिथं अन्न अडकणार, ओलं राहणार, कुजणार. मग पुन्हा पटाशी. मला वाटायचं, फर्निचरच्या कारखान्यात दारं कोरणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल? कुणीच नाही. तुझं तुलाच सुचलं. मूग सगळे घरंगळले की तू ते वेचून परत बरणीत टाकायचास आणि त्याच मुगांची आपण रात्री खिचडी करायचो. दाताखाली कधी कधी शिसमाचा भुसा यायचा.

तुझी मोगरी पटाशीवर पडायची तो आवाज मला कधी नीट ऐकू आला नाही. पण तुझ्या बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला मी पॉलिश पेपर घेऊन बसलेला असायचो आणि ठोका लाकडातून माझ्या कोपरांत यायचा. ठक, ठक, जरा थांबा, ठक. तू चिडला असलास की ठोके जवळ जवळ यायचे. दमला असलास की लांब लांब. गेल्या दिवाळीनंतर ते लांब लांब यायला लागले होते. मला जाणवलं होतं, लोटन. मी विचारलं नाही. मला वाटलं, आळस करतोय.

आता त्या भांडणावर येतो. टाळून उपयोग नाही.

लग्नसराईची सहा ट्रेंची ऑर्डर होती आणि मी चार दिवस मुलीकडे नंदुरबारला गेलो होतो. परत आलो तर बाकड्यावर सहा ट्रे आरशासारखे चमकत होते. तू शेजारच्या पॉलिशवाल्याकडून फवारा आणून त्यांना लॅकर मारलं होतंस. सहाही ट्रे भाकरीचे, तुझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम, आणि त्याच्यावर तो काचेसारखा थर. माझं डोकंच फिरलं. दहा वर्षं जपलेली एकच गोष्ट, आणि माझी पाठ फिरताच तू हे केलंस! मी तोंडाला येईल ते बोललो. तो थर उद्या उडेल, पापुद्रे सुटतील, लहान लेकरं त्यातली द्राक्षं खातील, तुझी अक्कल कुठं चरायला गेली, असं काय काय. तू एवढंच म्हणालास, "दाजी, आते असंच करनं पडी." आता असंच करावं लागेल. का करावं लागेल ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, दुकानदाराच्या घाईपुढं तू मान टाकलीस.

मी घासायचं मशीन काढलं आणि वायर लावली. लॅकर काढायला मशीनची गरज नव्हती. थिनरनं भिजवून, ब्रशनं हलक्या हातानं घासून ते दोन दिवसांत निघालं असतं आणि नक्षीला ओरखडाही आला नसता. हे मला माहीत होतं, लोटन. दहा वर्षं मी घासायचंच काम केलंय, मला माहीत नसणार तर कुणाला? तरी मी मशीन लावलं, कारण मला तुला काहीतरी दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. थर गेला आणि थराखालची नक्षीही गेली. एक झाला, दुसरा घेतला. तिसऱ्याला मला स्वतःलाच थांबावंसं वाटत होतं, पण थांबलो असतो तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. सहाच्या सहा सपाट केले. तू दारात उभा राहून बघत होतास. मशीन बंद केल्यावर तू म्हणालास, "दाजी, त्या भाकरीना व्हतात." भाकरीचे होते ते. एवढं बोलून चप्पल घालून बाहेर गेलास.

तेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्यानंतर अकरा दिवस आपला अबोला. आपल्याला अबोल्याची सवय होती, चार दिवसांनी कुणीतरी मीठ मागायचं आणि संपायचं. या वेळी दोघांनीही मीठ मागितलं नाही. मी भाजी करायचो, तू भाकरी करायचास, ताटं पुढं सरकवायचो. दुकानदाराला तू काय सांगितलंस कुणास ठाऊक, त्याचा फोन आला नाही. बाराव्या दिवशी सकाळी तू चहाचा कप खाली ठेवलास आणि भिंतीला टेकून बसलास. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. मी धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षात तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं. सगळ्या वाटेनं मी बोलत होतो, पण रिक्षावाल्याशी. इधर से लो, उधर से मत लो, हॉर्न बजाओ, सामने टेम्पो है. त्या बिचाऱ्यावर मी नुसता ओरडत होतो. तुझा श्वास माझ्या मानेला लागत होता आणि तुला मी एक शब्द बोललो नाही. वाटलं होतं, दवाखान्यात पोचू, सलाईन लावतील, तू जरा शुद्धीवर आलास की बोलू. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी हातात तुझ्या चपला घेऊन उभा होतो.

तेरावं झाल्यावर घर रिकामं झालं आणि मला तुझा एक ट्रे हवासा वाटला. फक्त एक. जवळ ठेवायला, वर हात फिरवायला. सगळं घर पालथं घातलं. पोटमाळा पाहिला, खाटेखालचं पाहिलं. तू केलेला प्रत्येक ट्रे आपण विकला होता, आणि इंदूनं शेजारी वाटलेले कधीच मोडीत गेले होते. घरात होते ते फक्त ते सहा, माझ्या मशीनखालून गेलेले, तळहातासारखे गुळगुळीत. मी एकेकावर बोट फिरवत बसलो, कुठे एखादा खळगा चुकून राहिला असेल म्हणून. काम मी नेहमीच चोख करतो. एकही राहिला नव्हता. तेव्हा मी रडलो. तुझ्या अंत्ययात्रेत रडलो नव्हतो, तुझी भावंडं आपापसात कुजबुजलीही असतील त्यावरून. त्या दिवशी मात्र दार लावून घेतलं आणि मोठ्यानं रडलो. बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं रडतोय ते कळत नाही. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर टकटक केली असावी.

दुकानातून गेलेले ट्रे कुणाकडे गेले ते आपल्याला कधीच कळायचं नाही, असं मी समजत होतो. मला एकच घर माहीत होतं. चार वर्षांपूर्वी कडोदऱ्याच्या एका बाईंनी दुकानात न जाता थेट आपल्याकडून मोठा ट्रे करून घेतला होता आणि तो मी स्वतः पोचवला होता. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. परवा मी तिथं गेलो. त्या बाईंकडून तो ट्रे परत मागायचा, नाहीच दिला तर निदान दहा मिनिटं हातात घेऊन बसायचं, असं ठरवून गेलो. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आलंय ना, रस्त्यात ठिकठिकाणी खांबांना दोरे ताणून मांजा रंगवत होते. सगळा रस्ता गुलाबी झाला होता. मी वाकून वाकून दोऱ्यांखालून गेलो.

त्या गुजराती बेननं मला ओळखलं. "आवो, आवो काका," म्हणाली, पाणी दिलं, आणि चहा टाकायला आत गेली. ट्रे समोरच होता. त्यात गरम पोंक, म्हणजे हुरडा, आणि शेव ठेवलेली होती, तिची नातवंडं बशीत घेऊन खात होती. मी आधी लांबूनच बघितला. मनाची तयारी करून गेलो होतो. चार वर्षं रोज वापरलेला, धुतलेला ट्रे, तेल कधीच उडून गेलं असणार, लाकूड पांढरं पडलं असणार, कडेला चिरा गेल्या असणार. जवळ घेतला तर तसं काहीच नव्हतं. लाकूड काळंभोर, भरलेलं. वास घेतला. जवस आणि मेण. फार तर दोन-तीन महिन्यांपूर्वीचा हात. हे माझं तेल होतं, लोटन. माझ्या बाटलीतलं. ते मी कुठेही ओळखीन.

चहा घेऊन आलेल्या बेनला मी विचारलं, याला तेल कुणी लावलं? ती म्हणाली, "केम, तमारा भाई आवे छे ने! दर दिवाळीए." तुमचा भाऊ येतो की, दर दिवाळीला. पिशवीतून बाटली काढतो, कापड काढतो, इथं जमिनीवर बसून तेल लावतो, चहा घेतो, जातो. पैसे देऊ केले तर घेत नाही. "कहे के, दाजीए मोकल्यो छे."

दाजींनी पाठवलंय.

मी तुला कधी पाठवलं, रे? दिवाळीच्या आधीचे रविवार तू सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचास आणि संध्याकाळी दमून यायचास. मी विचारलं की म्हणायचास, गाववाले भेटले. मला वाटायचं, पत्ते खेळत बसतो कुठेतरी. एकदा मी तसं तोंडावर बोललोसुद्धा आणि तू खुशाल ऐकून घेतलंस. सगळी वर्षं माझ्या तेलाला जावई म्हणालास, आणि तेच तेल घेऊन घरोघर फिरत होतास. दुकानदाराकडून पत्ते काढले असशील, दुसरं काय. ट्रेला वर्षातून एकदा तेल लागतं आणि गिऱ्हाईक ते लावत नाही, हे मी दर वेळी बोलून दाखवायचो. बोलून दाखवायचो आणि जेवायला बसायचो. मला ही गोष्ट केवढी मोठी वाटत होती, आणि करत तू होतास.

बेननं मग विचारलं, या वर्षी तब्येत बरी नव्हती ना त्यांची? "आ वखते तो दादर चढतां बहु हांफी गया'ता." या खेपेला जिना चढताना फार धाप लागली होती. दारातच बसला होतास म्हणे पाच-दहा मिनिटं, पाणी मागून घेतलंस. आणि जाताना तिला म्हणालास की पुढच्या वर्षी येणं होईल की नाही सांगता येत नाही. आता ट्रेंना असं काहीतरी लावावं लागेल की तेलाची गरजच पडणार नाही.

हे ऐकल्यावर माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी तिला सांगितलं, तू गेलास. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. तुझी ती कोण? वर्षातून एक चहा. पण ती खरंच रडली, आणि मला फार बरं वाटलं, कारण तुझ्यासाठी रडणारं माझ्याशिवाय कुणीतरी समोर होतं. ट्रे परत मागायचं मी विसरूनच गेलो. आठवलं असतं तरी मागितला नसता. तू तिसऱ्या मजल्यावर चढून जे चार वर्षं जपलंस ते मी खोलीत आणून कोंडून ठेवणार होतो. निघताना मी फक्त विचारलं, तो आणखी कुणाकडे जायचा, काही बोलला होता का? तिला एकच घर माहीत होतं, तिच्या मावसबहिणीचं, दिंडोलीला. बाकीची तिला ठाऊक नाहीत. तू लिहूनही ठेवलेली नाहीत. मी आल्या आल्या तुझी पिशवी, तुझे खिसे, तुझा फोन, सगळं पाहिलं.

दिंडोलीला मी रविवारी जाणार आहे. बाटली भरून ठेवलीय. तिथून पुढचं एखादं घर कळेल, नाही कळलं तर दुकानदाराचे पाय धरीन. गुडघे दुखतात, पण मला धाप लागत नाही. कुणी विचारलं कोण तुम्ही, तर सांगेन, लोटननं पाठवलंय. आणि त्या त्या घरी तुझी भाकरी हाताखाली येईल, तेवढा वेळ मी एकटा असणार नाही.

लॅकर लावायला नको होतं हे माझं म्हणणं अजून कायम आहे. त्यात मी तसूभरही मागं हटणार नाही. पण मी मशीन फिरवायला नको होतं. का लावलंस, एवढे दोन शब्द विचारायला हवे होते. माझं चुकलं, लोटन. फार मोठी चूक झाली माझी. रिक्षात तुझं डोकं माझ्या खांद्यावर असताना मी हे बोलायला हवं होतं, तुला ऐकू गेलं असतं.

आणि तूही एकदा म्हणायचं होतंस. दाजी, आता जिना चढवत नाही, चला माझ्याबरोबर. मी कुरकुर केली असती, तुला चार शब्द सुनावले असते, पण आलो असतो. तू खाली ओट्यावर बसून राहिला असतास आणि मी वर जाऊन तेल लावून आलो असतो.